हॉटेल उकळीतली पंगत

पेणमध्ये माधवराव भूगोलाचे मास्तर म्हणून ओळखले जात, पण त्यांची कीर्ती होती ती पंगतीमुळे. कोणाच्या घरी लग्न निघो, मुंज निघो, नाहीतर साधं बारसं असो, भटजींना सांगण्याआधी माणूस माधवरावांकडे यायचा आणि म्हणायचा, "मास्तर, पंगत तुमच्याकडे." मग त्या दिवशी मास्तर सदऱ्याच्या बाह्या दुमडून, खांद्यावर पंचा टाकून उभे राहत. मीठ पानाच्या टोकाला, लिंबाची फोड त्याच्या शेजारी, चटण्या-कोशिंबिरी डावीकडे, भाज्या उजवीकडे. यात कोणी नवख्या वाढप्याने गडबड केली, तर मास्तरांचा चेहरा असा व्हायचा की जणू कोणी कोकण उचलून विदर्भात नेऊन ठेवलं आहे. आणि सगळं झालं की मांडवाच्या मधोमध उभं राहून ते खणखणीत आवाजात विचारत, "कोणी राहिलंय का?" राहिलेलं कोणीच नसायचं. तो त्यांच्या आयुष्यातला सर्वात सुखाचा क्षण असे.

अशा माणसाच्या डोळ्यांदेखत गावात बुफे आला.

बुफेविषयी माधवरावांचं मत ठाम होतं. हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, पातेल्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं आणि मग कोपऱ्यात जाऊन घोड्यासारखं उभ्यानं खायचं, याला जेवण म्हणतात तर दुष्काळी कामावरच्या धान्यवाटपाला काय म्हणायचं? त्यांनी प्रतिज्ञाच केली होती की, जिथे आपल्या हाताने ताटात घ्यावं लागतं, तिथे माधवराव जेवणार नाही. ही प्रतिज्ञा त्यांनी तीन लग्नांत पाळली आणि तिन्ही वेळा घरी येऊन दूधभात खाल्ला.

आणि नेमकं त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या लग्नात हे प्रकरण पुढ्यात येऊन उभं राहिलं.

प्रवीण रोह्याला, धाटावच्या एका कंपनीत कामाला होता. तिथेच स्टोअरमध्ये साहेब असलेल्या हैबतरावांची नमिता त्याला आवडली, तिला तो आवडला, पत्रिका जुळली, साखरपुडा झाला, पेढे वाटले गेले. इतकं बिनबोभाट चाललं होतं की माधवरावांच्या पत्नी आनंदीबाई मनातून धास्तावल्याच होत्या. मग लग्नाच्या बैठकीत हैबतराव सहज म्हणाले, "जेवणाचं आपण बुफेच ठेवू. शिफ्ट सुटल्यासारखं एका तासात हॉल मोकळा."

"पंगत," माधवराव म्हणाले.

"अहो मास्तर, आता कोण बसतं मांडी घालून? सगळ्यांचे गुडघे गेले."

"पंगत नसेल, तर आमच्याकडून वरातही नसेल."

हे वाक्य तोंडातून सुटलं तेव्हा सर्वात जास्त दचकले ते स्वतः माधवराव. त्यांना वाटलं, आता हैबतराव चिडतील, आपण चिडू, बायका मध्ये पडतील आणि चहा येईल. पण हैबतराव फक्त "बरं" म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. त्या "बरं"ने माधवरावांची झोप उडवली. प्रवीण रविवारी घरी आला, खाली मान घालून जेवला, "येतो" म्हणाला आणि गेला. आपल्या एका वाक्याने पोराचं लग्न मोडणार, ही भीती मास्तरांच्या मनात घर करून बसली. शब्द मागे घ्यायला ते एका पायावर तयार होते, पण दुसरा पाय अभिमानाचा होता आणि तो काही हलत नव्हता.

त्यात कार्यालयाच्या व्यवस्थापकाने भर घातली. मंगल कार्यालयाच्या अर्जावर 'पंगत / बुफे, लागू नसेल ते खोडावे' असा रकाना होता आणि माधवरावांनी तो तसाच सोडला होता. व्यवस्थापक म्हणाला, "मास्तर, पंगत असेल तर पाट, बुफे असेल तर टेबलं. दोन्ही एकाच खोलीत ठेवलेत. एक बाहेर काढल्याशिवाय दुसरं हलत नाही. सोमवारपर्यंत खोडून द्या, नाहीतर तारीख दुसऱ्याला." माधवरावांनी "दोन्ही थोडं थोडं" असा तोडगा सुचवला. त्यावर त्या गृहस्थाने "अर्धं खोडायला जागा नाय" असं उत्तर दिलं.

तेवढ्यात हैबतरावांचा निरोप आला. निरोप प्रवीणच घेऊन आला. रोह्यात स्टेशनच्या रस्त्याला 'हॉटेल उकळी' नावाचं नवं हॉटेल निघालंय, शनिवारी सगळे तिथे जेवायला भेटू आणि काय ते ठरवून टाकू. "तिथं आपलं आपण घ्यायचं असतं," प्रवीण जमिनीकडे बघत म्हणाला, "आणि शिजवायचंही आपणच."

"शिजवायचंही?" मास्तर उडालेच. "मग हॉटेलवाला काय करतो?"

हा प्रश्न त्यांनी शेजारच्या गोविंदालाही विचारला. गोविंदाचा गणपतीचा कारखाना होता. तो एका लंबोदराच्या सोंडेवरून ब्रश फिरवत होता. गोविंदाला जगातली प्रत्येक गोष्ट ठाऊक असे, फक्त ती त्याने पाहिलेली नसे. तो म्हणाला, "व्हय, ऐकलंय मी. महिपतीचं हाटेल ते. कंपनीच्या कँटीनला आचारी होता. तिकडं मशिनी बसवायला परदेशी इंजिनेर आलेले, वर्षभर ऱ्हायले. त्यांना आपली आमटी चालंना. त्यांनीच शिकवलं त्याला. टेबलाच्या मधी शेगडी, शेगडीवर उकळतं पातेलं. काडीला भाजी टोचलेली असती. काडी घ्यायची, पातेल्यात बुडवायची, खायची."

"सगळ्यांनी एकाच पातेल्यात?"

"एकाच. आता मास्तर, उष्ट्याचं बघा बरं का. आणि काडी जपून. डोळ्यात जाती." ब्रश खाली ठेवून त्याने आणखी एक सल्ला दिला, "आणि घरून खाऊन जा."

माधवराव घरून खाऊन गेले नाहीत. लढाईला जाणाऱ्याने पोट हलकं ठेवावं, असं त्यांचं मत होतं. पांढरा, कडक इस्त्रीचा सदरा घालून ते आनंदीबाई आणि प्रवीणबरोबर पेणहून गाडीत बसले. गाडी नागोठण्याला कोणत्या तरी मालगाडीची वाट बघत थांबून राहिली, तेव्हा त्यांच्या पोटात पहिला कावळा ओरडला. रोह्याला उतरेपर्यंत कावळ्यांची शाळा भरली होती.

हॉटेल उकळी म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड होती. दारावर पाटी होती, 'आपली काडी आपण बुडवा'. आत दहा-बारा टेबलं. प्रत्येक टेबलाला मधोमध भोक पाडून खाली कोळशाची शेगडी बसवलेली आणि वर पातेलं. पातेल्यात आडवा पत्रा जोडून दोन कप्पे केलेले, एकात भाज्यांचा रस्सा, दुसऱ्यात मासळीचा. भिंतीला लांब मांडणी आणि तिच्यावर परातीच पराती, परातींत काड्या. फ्लॉवर, बटाटा, भेंडी, पनीर, कोळंबी, सुरमईचे तुकडे, सगळं ओळीनं टोचून ठेवलेलं. एकदा बसलात की हवं तेवढं खा, असा हिशेब होता.

हैबतराव, त्यांच्या पत्नी बायजाबाई आणि नमिता आधीच येऊन बसले होते. नमस्कार-चमत्कार झाले. 'वरात' हा शब्द सगळ्यांनी कटाक्षाने टाळला.

"चला, ताटल्या घेऊ," हैबतराव म्हणाले.

"तुम्ही घ्या," माधवराव म्हणाले आणि मांडी घालायला जागा नसल्यामुळे हाताची घडी घालून बसले.

बाकीचे गेले. दोन्ही विहिणी मांडणीकडे गेल्या त्या बराच वेळ तिकडेच रमल्या. माधवराव उकळत्या पातेल्याकडे बघत एकटे बसून राहिले. कोणी तरी येईल, वाढेल, किमान विचारील, अशी त्यांची अपेक्षा होती. शेवटी खुद्द महिपती आला.

"काका, उठून घ्याचं हाय इथं."

"मी उठणार नाही."

"मग कसं करताव?"

"तुम्ही वाढा."

महिपतीने डोकं खाजवलं. "काका, वाढलं तर मग ते साधं हाटेल झालं ना." माधवरावांनी त्याच्याकडे दहावी 'ब'कडे बघावं तसं बघितलं.

इतक्यात हैबतराव दोन काड्या घेऊन आले. "मी दाखवतो तुम्हाला. सोपं आहे. ही बघा, घातली. आता मनात वीस म्हणायचं." त्यांनी वीस म्हटलं आणि काडी बाहेर काढली. काडी रिकामी होती. फ्लॉवर आत राहिला होता.

"बुफेतही असंच होतं," माधवराव म्हणाले. "रिकाम्या हातानं परत यावं लागतं."

हैबतराव इरेला पेटले. दोघं मिळून दोन काड्यांनी तो फ्लॉवर शोधू लागले. फ्लॉवर सापडला, उचलला गेला आणि नेमका काठाशी येऊन पुन्हा रस्स्यात पडला. तो पडला तेव्हा जे उडालं ते सगळं माधवरावांच्या सदऱ्यावर आलं. छातीवर हळदीचा एक मोठा डाग पडला, बराचसा श्रीलंकेच्या आकाराचा. भूगोलाच्या मास्तरांना हा अपमान वेगळाच झोंबला.

"आणि मला एक सांगा," ते डाग पुसत म्हणाले, "तोंडाला लागलेली काडी परत या पातेल्यात जाते?"

उष्ट्याचा विचार हैबतरावांच्या मनात आलाच नव्हता. दोन्ही व्याही पातेल्याकडे संशयाने बघत राहिले आणि त्या संशयात त्यांचं प्रथमच एकमत झालं.

पण खरी ठिणगी पडली ती शेजारच्या टेबलावर. तिथे नदीपलीकडच्या अष्टमी गावचे एक म्हातारे गृहस्थ सुनेबरोबर आले होते. सून पोराला सांभाळत होती आणि म्हातारबा काडीवरची भेंडी कच्चीच चावत होते. काडी बुडवायची असते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. चार घास त्यांनी तसेच गिळले आणि सुनेला म्हणाले, "बरी हाय गो. पण दातांना जड जाती."

माधवरावांनी हे ऐकलं आणि त्यांच्यातला पंगतवाला ताडकन उभा राहिला. मी उठणार नाही, हे ते विसरले. म्हाताऱ्यांच्या हातून त्यांनी काडी हलकेच काढून घेतली, रस्स्यात शिजवली, फुंकर घातली आणि ताटलीत काढून दिली. म्हातारबा खुलले. पलीकडच्या टेबलावर कोणी तरी बटाटा अर्धा कच्चा बाहेर काढत होतं. "थांबा! बटाट्याला वेळ लागतो. बटाटा आधी, मग फ्लॉवर, पनीर सर्वात शेवटी!" मास्तरांचा आवाज घुमला. सारं हॉटेल त्यांच्याकडे वळलं. त्या आवाजावरूनच लोकांनी त्यांना मास्तर ठरवलं आणि वर्गात येतात तशा चारी बाजूंनी शंका आल्या. मास्तर, भेंडी तार सोडतेय. मास्तर, आमची काडी जळाली. मास्तर, आमचं पातेलं आटलं.

सदऱ्याच्या बाह्या कधी वर गेल्या, हे त्यांना कळलं नाही. "महिपतराव, बादली आहे? आणि पळी?"

"काका, बादली कशाला?"

"आणा!"

महिपतीने बादली आणली. मास्तरांनी मांडणीवरच्या भाज्यांच्या बऱ्याचशा काड्या उपसल्या, बटाटे आतल्या मोठ्या चुलीवर आधी टाकायला लावले, मग क्रमाक्रमाने बाकीच्या भाज्या. तयार झालेलं सगळं काड्यांवरून ओढून बादलीत. पातेली उतरवून, टेबलं भिंतीला लावून लोकांना समोरासमोर दोन रांगांत बसवलं. "हैबतराव, मीठ धरा! डाव्या बाजूनं सुरुवात!"

हैबतरावांनी आयुष्यात स्टोअरमधला माल मोजून दिला होता, वाढला कधीच नव्हता. ते नाइलाजाने मीठ घेऊन निघाले. पहिल्या ताटलीत ढीग पडला, दुसरीत काहीच नाही. पण तिसऱ्या ताटलीपाशी एक बाई म्हणाली, "बस हो भाऊ, पुरे," आणि हैबतरावांना काय झालं कोण जाणे, ते म्हणाले, "अहो, थोडं घ्या!" मिठाचा आग्रह करणारा पहिला माणूस त्या दिवशी रोह्यात निपजला. पुढच्या फेरीला तर पळी त्यांनी मास्तरांच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतली.

"सावकाश होऊ द्या!" माधवराव रांगेतून फिरत म्हणाले. "बटाटा आणखी कोणाला? लाजू नका!" महिपती आधी कपाळाला हात लावून उभा होता, पण लोक खूश आहेत असं दिसल्यावर तोही रस्सा घेऊन रांगेत शिरला. प्रवीण आणि नमिता एका कोपऱ्यात तोंड दाबून हसत होते. कित्येक दिवसांनी पोरगा हसताना मास्तरांना दिसला. लग्न वाचलं, त्यांना वाटलं. वाचलं आणि पंगतही जिंकली.

त्यांनी मध्यभागी उभं राहून खणखणीत आवाज दिला, "कोणी राहिलंय का?"

नेहमीप्रमाणे कोणीच बोललं नाही. भरल्या बादलीसह ते विजयी मुद्रेने आपल्या टेबलाकडे आले. ते एकच टेबल जागचं हललं नव्हतं, कारण तिथे दोन्ही विहिणी बसल्या होत्या आणि त्यांना हलवायची हिंमत कोणाची झाली नव्हती. त्यांच्यासमोर रिकाम्या काड्यांचा भारा पडला होता. आनंदीबाईंचा चेहरा शेगडीच्या धगीने लाल झाला होता आणि कपाळावर घाम होता. त्या एक कोळंबी अगदी मन लावून शिजवत होत्या.

"बघितलंस?" माधवराव म्हणाले. "याला म्हणतात जेवण! घे, ताटली पुढे कर."

आनंदीबाईंनी ताटलीवर हात आडवा धरला. "मला नको."

"अगं, पंगतीत नको म्हणायचं नसतं."

"मी कधी बसले पंगतीत?"

प्रश्न साध्या आवाजातला होता.

"तुमच्या पंगती मला माहीत आहेत," आनंदीबाई कोळंबी उलटी करत म्हणाल्या. "पाहुणे, मग पुरुष, मग पोरं, मग वाढपी. मग आम्ही, चुलीपाशी. भात गार, आमटी तळाची, आणि जिलबी मोडकी, तीही उरली असेल तर. तुम्ही मांडवात विचारता ना, कोणी राहिलंय का म्हणून? आम्हाला आत ऐकू यायचं. पण आत येऊन कोणी विचारलं नाही, म्हणून आम्ही कधी ओ दिली नाही."

"माझ्या लग्नात तर मी पोह्यांवर राहिले," बायजाबाई म्हणाल्या.

"आज लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला जे हवं ते हवं तेव्हा गरम गरम मिळतंय," आनंदीबाई म्हणाल्या. "तर मला जरा जेवू द्या."

आयुष्यभर माधवरावांनी पंक्तिप्रपंच हा शब्द शिवीसारखा वापरला होता. एकाला जास्त, एकाला कमी, असं वाढणाऱ्या वाढप्याला त्यांनी भर मांडवातून हाकललं होतं. आणि इतकी वर्षं सर्वात मोठा पंक्तिप्रपंच आपणच करत आलो, हे त्यांना रोह्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, हातात बादली असताना कळलं. त्यांना फार वाईट वाटलं. बादली त्यांनी खाली ठेवली.

मागोमाग पळी घेऊन आलेल्या हैबतरावांनी मात्र संधी साधली. "म्हणजे वहिनींचंही मत बुफेच!"

"बुफेत तुम्ही रांगेत पुढे असता," बायजाबाई म्हणाल्या, "आणि आम्ही पोरांना भरवत मागे. कोणाला सांगताय?"

"पंगतच ठेवा," आनंदीबाई म्हणाल्या. "पण पहिली पंगत आमची. सगळ्या बायका, आचाऱ्याच्या हाताखालच्यासुद्धा. आणि वाढायला तुम्ही दोघे व्याही."

हैबतरावांनी माधवरावांकडे पाहिलं. माधवरावांनी हैबतरावांच्या हातातल्या पळीकडे पाहिलं. ती त्यांनी अजून सोडली नव्हती.

"मीठ मी घेणार," हैबतराव म्हणाले.

"मीठ सोडून काहीही घ्या," माधवराव म्हणाले, आणि नमिताने मोठ्याने हसून प्रवीणचा हात धरला. सर्वांसमक्ष धरला. सोमवारी कार्यालयात जाऊन काय खोडायचं, ते ठरलं होतं.

सगळे पुन्हा बसले. माधवरावांच्या पोटातल्या कावळ्यांचा आता आवाजही निघत नव्हता. ते आशेने आनंदीबाईंच्या ताटलीकडे बघत राहिले. पण आनंदीबाईंनी शिजलेली कोळंबी स्वतःच्या तोंडात टाकली, डोळे मिटले आणि मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "ताटल्या तिकडे आहेत."

माधवराव उठले. पिवळा डाग पडलेला सदरा सारखा करून त्यांनी ताटली घेतली आणि ते मांडणीपाशी जाऊन परातींसमोर उभे राहिले. म्हातारबांनी बसल्या जागेवरून त्यांना मान डोलावून धीर दिला. बटाटा उचलावा की पनीर, असा विचार करताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्या बायकोला काय आवडतं, हे आपल्याला ठाऊक नाही. गावातल्या प्रत्येक यजमानाला जिलबी आवडते की श्रीखंड, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी परातीकडे बघितलं, मागे वळून बघितलं आणि सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल अशा पंगतीच्या आवाजात विचारलं, "अगं, तुला काय आणू?"

आनंदीबाई लाजल्या. बायजाबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं.

"कोळंबी!" आनंदीबाई तिकडून ओरडल्या. "नीट सोललेली बघून घ्या. आणि दोन आणा!"

माधवरावांनी एकेक काडी उजेडात धरून पारखली. दोन कोळंब्यांच्या काड्या ताटलीत घेतल्या आणि तिसरी, जरा इकडेतिकडे बघून, स्वतःसाठी घेतली.